टोपणनावांचे सर

गणिताच्या सरांना वर्गात शिरल्याबरोबर दोन गोष्टी लागत. एक स्वच्छ पुसलेला फळा आणि दुसरं एखादं गिऱ्हाईक. फळा मॉनिटर पुसून ठेवायचा. गिऱ्हाईक सर स्वतः शोधत, आणि ते सापडलं की वर्गाची हसून पुरेवाट व्हायची.

टोपणनावं ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी शाळेत नव्हतं. आठवी ब मध्ये पहिल्या तासालाच पेंगणारी एक मुलगी होती, ती ‘उशी’. कुठल्याही प्रश्नाला ओरडून चुकीचं उत्तर देणारा ‘तोफ’. दोन जुळ्या बहिणी कायम बाकाच्या दोन टोकांना बसत, म्हणून त्या ‘कंस सुरू’ आणि ‘कंस पूर्ण’. वर्गातला सगळ्यात बुटका मुलगा ‘बटण’. सरांचं म्हणणं असं की, नाव ठेवलं म्हणजे लक्ष दिलं. मुलांना गणित आवडत नाही, निदान गणिताचा तास तरी आवडावा. आणि तो आवडायचा, यात खोटं काही नव्हतं. इतर वर्गांतली मुलं दाराशी कान लावून उभी राहत.

त्या वर्षी वरून एक परिपत्रक आलं. प्रत्येक शाळेत ‘छळ प्रतिबंध समिती’ असलीच पाहिजे. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, लगेच सभा बोलावली. सर तेव्हा तळमजल्यावर झेरॉक्सच्या मशिनमध्ये अडकलेली प्रश्नपत्रिका चिमट्याने ओढत होते. ते हाताला शाई माखून वर पोचले तोवर समितीचं अध्यक्षपद त्यांच्या गळ्यात पडलं होतं.

“मीच का?” सरांनी विचारलं.

“मुलं तुमचं ऐकतात,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“ऐकत नाहीत बाई, हसतात.”

“तेच ते,” म्हणून बाईंनी वही मिटली.

समितीत आणखी तिघं होते. चित्रकलेच्या बाई, पीटीचे सर, आणि परिपत्रकात ‘शिक्षकेतर कर्मचारी, एक’ असं लिहिलं होतं म्हणून शिपाई मावशी. चित्रकलेच्या बाईंनी भिंतीवर हात मिळवणाऱ्या दोन मुलांचं चित्र रंगवलं. सरांनी एक लाकडी पेटी आणून तिला फट पाडली, वर ‘न घाबरता लिहा’ असं लिहिलं आणि ती मोठ्या बाईंच्या दाराशेजारी टांगली. पहिल्या महिन्यात पेटीत चार चिठ्ठ्या निघाल्या. एकीत लिहिलं होतं, चित्रातल्या मुलाला सहा बोटं आहेत. दुसरीत सरांच्या गृहपाठाबद्दल अपशब्द होते. तिसरीत पीटीच्या सरांच्या शिट्टीने कान बधिर होतात, हा छळ धरावा का, असा प्रश्न होता. चौथी चिठ्ठी म्हणजे च्युइंगमचा कागद, आणि त्यात च्युइंगमही होतं. सरांनी अहवाल लिहिला: ‘तक्रारी चार, छळ शून्य.’

“सर, ती पेटी काढा तिथनं,” मावशी म्हणाल्या. “मोठ्या बाईंच्या दारात सगळ्यांदेखत चिठ्ठी टाकायला कोण जाईल? गेला, तर संध्याकाळपर्यंत त्याचंच भुस्कट पाडतील पोरं.”

“मावशी, तुम्हीच व्हा अध्यक्ष.”

“नको. मला कामं असतात,” असं म्हणून मावशी घंटा द्यायला गेल्या.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी सर शिक्षकांच्या खोलीत एकटेच पेपर तपासत बसले होते. दारात एक बाई उभी राहिली. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. सरांनी तिला ओळखलं. शाळेच्या मागच्या रस्त्यावर तिचं शिवणाचं दुकान होतं आणि निम्म्या शाळेचे गणवेश तिच्याच मशिनवरून आलेले होते. आठवी ब मधल्या एका मुलीची ती आई. कुठल्या मुलीची, हे आठवताच सरांनी लाल पेन खाली ठेवलं.

“तुम्ही त्या समितीचे ना?” तिने विचारलं.

“दुर्दैवाने. बसा ना.”

ती बसली. पिशवीतून तिने एक जाडजूड वही काढली, दोन ठिकाणी बोट घालून उघडली आणि सरांपुढे सरकवली. “ही माझ्या लेकीची गेल्या वर्षीची मापं. आणि ही परवाची. उंची बघा.”

सरांनी पाहिलं. गेल्या वर्षी पाच फूट सहा. परवा पाच फूट साडेचार.

“टेप धुतली होती का मध्ये?” सर म्हणाले. त्यांच्या तोंडून ते सवयीने निघून गेलं.

शिवणवाली हसली नाही. ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि सरांना आपलं वाक्य टेबलावर पडलेलं दिसू लागलं.

“वीस वर्षं मापं घेतेय मी, सर. पोरं वाढतात, म्हाताऱ्या वाकतात. तेरा वर्षांची पोर दीड इंच कमी झालेली मी पाहिली नव्हती. सरळ उभी राहा म्हटलं तर म्हणते, सरळच उभी आहे. तिला खरंच तसं वाटतं.” मग तिने एक गणवेश काढून उलटा पसरला. “ही पाठ बघा. ही भोकं टाचण्यांची आहेत. मी दिवसभर टाचण्याच लावते, मला कळतं. हा डिंक. आणि हे तिच्या दप्तरात कोंबलेलं सापडलं.”

चुरगळलेले कागद होते. एकावर ‘येथे जाहिराती चिकटवू नयेत’. दुसऱ्यावर ‘भाड्याने देणे आहे, वरचा मजला रिकामा’. तिसऱ्यावर एका हरवलेल्या कुत्र्याचं चित्र, खाली ‘याच खांबाजवळ शेवटचा दिसला’. चौथा कागद सरांनी वाचला आणि पालथा घातला.

“खांब म्हणतात तिला,” शिवणवाली म्हणाली. “सकाळी पोटात दुखतं म्हणते. शाळेत दिवसभर पाणी पीत नाही, कारण नळाशी जायला नको. बाटली भरलेली जाते, भरलेली येते. डॉक्टरने तपासलं, काही नाही म्हणाले. सर, हे नाव कुणी ठेवलं तेवढं मला शोधून द्या. मला त्याच्या आईला भेटायचंय.”

सरांच्या आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. एका परीने झालं ते बरंच झालं, असं क्षणभर त्यांच्या मनात येऊन गेलं आणि लगेच त्यांचे कान तापले.

कारण नाव त्यांनीच ठेवलं होतं. वर्षाच्या सुरुवातीला सावलीची गणितं चालली होती. एका खांबाची सावली इतकी, तर दुसऱ्याची किती. सरांनी शेवटच्या बाकावरच्या त्या उंच, अबोल मुलीला पुढे बोलावून खिडकीशी उभं केलं आणि म्हणाले, “समजा, हा एक खांब आहे.” वर्ग फिदीफिदी हसला. सरही हसले. त्यातलं ‘समजा’ दुसऱ्या दिवशी गळून पडलं आणि खांब तेवढा उरला.

“चौकशी करतो,” सर म्हणाले.

शिवणवालीने कागद, गणवेश, वही सगळं परत पिशवीत भरलं. “लवकर करा. अजून दीड इंच गेलं तर मला सगळेच कपडे उसवावे लागतील.”

ती गेल्यावर सर थेट मावशींच्या खोलीत गेले. मावशी स्टुलावर बसून खडूंच्या खोक्यातले तुकडे निवडत होत्या.

“तिसरा नळ,” सरांनी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या. “आणि दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर जाताना जिन्याचं वळण आहे ना, तिथं. वरूनही दिसत नाही, खालूनही दिसत नाही. मधली सुट्टी संपताना गर्दी होते, तेवढ्यात कागद लावतात. दोनदा तर मीच काढलाय.”

“मग मला सांगायचं नाही का?”

“सांगितलं की. तुम्ही म्हणालात, पोरं आहेत, गंमत करतात. वर मला ‘मुख्य बातम्या’ म्हणालात. आठ दिवस पीटीचे सर मला तसंच हाक मारत होते.”

सर खोक्यातला एक खडू उचलून हातात फिरवत राहिले. “कोण लावतं कागद?”

“तुमचा लाडका. बटण.”

दुसऱ्या दिवशी सरांनी आठवी ब मध्ये टेबलावर डस्टर आपटून जाहीर केलं, “आजपासून या वर्गात एक शब्द कुणी उच्चारायचा नाही. कुठला, ते तुम्हाला माहीत आहे. तो शब्द कुणाच्या तोंडून ऐकला, तर याद राखा.” सरांना वाटलं, काम फत्ते.

मधल्या सुट्टीपर्यंत त्या मुलीचं नाव ‘तो शब्द’ झालं होतं. दुपारी ती टॉवर झाली, मनोरा झाली, स्तंभ झाली. समानार्थी शब्दांचा एवढा अभ्यास भाषेच्या बाईंना वर्षभर घसा फोडून करून घेता आला नव्हता. शिवाय चुगली कुणी केली, हे न कळण्याइतकी आठवी ब बावळट नव्हती. शेवटच्या तासाला तिच्या वहीवर कुणीतरी ‘चुगलीचा मनोरा’ असं लिहिलं. त्यानंतर ती तीन दिवस शाळेत आली नाही.

सरांनी आता भाषण द्यायचं ठरवलं. परिपत्रकासोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं की, शिक्षकांनी स्वतःचे अनुभव सांगावेत. आपलीही लहानपणी टिंगल झालीच असणार, कुणाची होत नाही, असा विचार करून त्यांनी मोठ्या बहिणीला फोन लावला.

“ताई, शाळेत असताना मला कोण कोण त्रास द्यायचं गं?”

“तुला?” ताई इतकी हसली की सरांना फोन कानापासून लांब धरावा लागला. “अरे, तुझ्या त्रासाला अख्खी गल्ली वैतागली होती. समोरची ती जाड चष्म्याची मुलगी आठवते का? तिला ‘भिंग’ कोण म्हणायचं? दुधवालासुद्धा तिला भिंग म्हणायला लागला होता. शेवटी शाळा सोडली तिनं.”

“ती वडिलांची बदली झाली म्हणून गेली.”

“बदली? बाळा, तिचे वडील त्यानंतर सतरा वर्षं आपल्या समोरच राहत होते. मुलीला तिच्या मावशीकडे पाठवलं त्यांनी.”

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“का रे, काय झालं? कशाला हवंय तुला हे?”

“भाषणाला,” सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. भाषण राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी बटणला थांबवून घेतलं. वर्ग रिकामा झाला. बटण पहिल्या बाकावर बसला, पाय जमिनीला पोचत नव्हते ते हलवत. तो हुशार होता, सरांची हुबेहूब नक्कल करायचा आणि ती सरांनाही आवडायची.

“कागद तू लावतोस?”

“हो,” बटण म्हणाला. नाही म्हणण्याच्या भानगडीत तो पडलाच नाही. “सर, सुरुवात तुमचीच आहे. मी फक्त उदाहरणं सोडवली.”

इतर वेळी असल्या वाक्यावर सर हसून लोळले असते. आज त्यांना ते वाक्य आपल्याच आवाजात ऐकू आलं. “तिनं तुझं काय बिघडवलंय?”

“काही नाही.”

“मग?”

बटणचे पाय हलायचे थांबले. “मला सातवीत तुम्ही बटण म्हणालात तेव्हापासून मागच्या भिंतीवरच्या खुंट्यांना अडकवायचे, सर. कॉलरने. बटण लावलं, बटण लावलं, असं ओरडायचे. रोज. मला खाली उतरता यायचं नाही. तुम्ही तिला खांब म्हणालात ना, त्या दिवसापासून मला कुणी अडकवलं नाही. मग मी रोज नवीन कागद आणायला लागलो. एक दिवस नाही आणला, तर म्हणाले, चल मग, आज तू.”

“अरे, मग मला सांगायचंस.”

“तुम्हाला माहीत होतं की.”

“मला?”

“एकदा मी वर होतो आणि तुम्ही दारात आलात. म्हणालात, बटण घट्ट लावलंय ना, निसटायचं नाहीतर. सगळे हसले. तुम्ही हसत हसत फळ्याकडे गेलात.”

सरांना आठवेना. खूप ताण दिला तरी आठवेना, आणि त्याचंच त्यांना सगळ्यात जास्त वाईट वाटलं. त्या पोराला खिडकीतली धूळसुद्धा आठवत असणार. त्यांच्या लेखी तो दिवसभरातल्या तीस-चाळीस विनोदांपैकी एक होता.

“जा घरी,” ते म्हणाले. “उद्यापासून कागद नाही. आणि त्यावरून कुणी तुला हात लावला, तर मला येऊन सांगायचं. तेव्हा मी हसलो, तर तू मोठ्या बाईंकडे जायचंस आणि माझी तक्रार करायचीस. कळलं?”

बटणला कळलं नसावं, पण त्याने मान हलवली.

संध्याकाळी सर शिवणाच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे कापायचं टेबल, बाजूला दोन मशिनं, भिंतीला दोऱ्यांची रिळं आणि मागे पडदा लावलेला कोपरा. शिवणवाली टेबलावर निळं कापड पसरून कापत होती.

“झाली चौकशी?” तिने मान वर न करता विचारलं.

“झाली. नाव मी ठेवलं.”

कात्री थांबली. सरांनी कात्रीकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. अंतर फार नव्हतं.

“तुम्ही,” ती म्हणाली.

“सावलीचं गणित होतं. उदाहरण म्हणून उभी केली. आणि बाकीच्यांनी उचललं ते... मी उचलू दिलं.”

“आई कुठं असते तुमची?”

“नाही आता.”

“सुटली,” शिवणवाली म्हणाली आणि पुन्हा कापू लागली. सर उभेच राहिले. चांगलं हातभर कापड कापून झाल्यावर ती म्हणाली, “मला सांगून काय उपयोग? नाव माझं नाही ठेवलंत. ती मागे बसलीय, तिला सांगा.”

पडदा सरकला. सगळं तिने ऐकलं होतं हे उघड होतं. ती बाहेर आली आणि खांदे पुढे ओढून, मान खाली घालून उभी राहिली, छत डोक्याला लागू नये अशा बेताने. छत चांगलं चार हात वर होतं.

“माझं चुकलं,” सर म्हणाले. “सोमवारी वर्गात सगळ्यांसमोर मी तुझी माफी मागणार आहे.”

“नको,” ती म्हणाली.

“का गं?”

ती खालच्या आवाजात, पण सलग बोलली. “तुम्ही माफी मागाल. मागताना दोन विनोद कराल. सगळे टाळ्या वाजवतील. सर किती चांगले आहेत म्हणतील. आणि मी तिथंच उभी असेन, सगळे माझ्याकडे बघत असतील. परत खांबच.”

शिवणवाली तोंड फिरवून दोऱ्याचं रीळ शोधू लागली. इतक्या महिन्यांत या मुलीने वर्गात दोन वाक्यं बोललेली त्यांना आठवत नव्हती, आणि आता तिने त्यांना चारी मुंड्या चीत केलं होतं.

“मग मी काय करू? तू सांग.”

“तिसऱ्या नळाजवळ कुणीतरी मोठं माणूस उभं राहू दे. जिन्याच्या वळणावर पण. रोज. दोन दिवस राहून मग बंद नको.”

“ठीक.”

“बटणला फटके देऊ नका. तुम्ही दिले तर नंतर सगळे मिळून त्याला देतील, मग तो त्याचं माझ्यावर काढेल. त्याला माझ्या बाकापासून लांब बसवा फक्त.”

“ठीक.”

“आणि ती एक मुलगी आहे, तुम्ही तिला उशी म्हणता. तिनं एकदा माझ्या पाठीवरचा कागद गुपचूप काढून आपल्या खिशात घातला होता. हसलीपण नाही. तिला माझ्या शेजारी बसवाल? आणि तिला उशी म्हणू नका. तिच्या घरी आजारी आजोबा आहेत, ती पहाटे उठून त्यांचं सगळं करून येते. म्हणून झोप येते तिला.”

सरांनी खिशातला कागद काढून हे सगळं लिहून घेतलं. परिपत्रकासोबत आलेली चाळीस पानांची पुस्तिका त्यांनी वाचली होती. यातलं बरंचसं तिच्यातही होतं. पण पुस्तिका वाचताना सर दर पानाला काहीतरी चावट शेरा लिहीत बसले होते.

सोमवारी ते हजेरीपट घेऊन वर्गात आले. ती मुलगीही आली होती. फळा पुसलेला होता. वर्ग गिऱ्हाईक कोण होणार याची वाट बघत होता.

“आजपासून मी इथं नावं ठेवणं बंद करतोय,” सर म्हणाले. “या वर्गात मी एकवीस टोपणनावं ठेवली. सगळी परत घेतो. आता मी एकेकाला विचारणार, तुला काय म्हणायचं. जे सांगाल ते मी म्हणेन. दुसऱ्या कुणी दुसरं काही म्हटलं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे.”

वर्गात चुळबुळ झाली. सर एकेक नाव वाचू लागले, आणि त्यांच्या लक्षात आलं की अर्ध्या नावांचे चेहरे आपल्याला माहीतच नाहीत. टोपणनावांच्या खाली ती कधीच पुरून टाकली होती. तोफेने उभं राहून ठणकावून सांगितलं की त्याला तोफच म्हणायचं, त्याचे वडीलही आता तेच म्हणतात. जुळ्या बहिणींनी आपापलं नाव सांगितलं आणि सरांनी दोघींच्या नावांची अदलाबदल केली. मागच्या बाकावरची ती उंच मुलगी अर्धवट उठली, नाव सांगून खाली बसली. पुढच्या बाकावरून बटणने आपलं खरं नाव इतक्या हळू सांगितलं की सरांना दोनदा विचारावं लागलं.

शेवटी तोफेने हात वर केला. “सर, तुम्हाला आम्ही काय म्हणतो ते माहितीये का?”

पुढच्या दोन बाकांनी माना खाली घातल्या.

“सांग.”

“झिरोचा बल्ब.”

आधी कुणी हसलं नाही. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळा वर्ग फुटला. सरांनीही हसून टक्कलावरून हात फिरवला. नाव झकास होतं, त्यांना स्वतःलाही याहून चांगलं सुचलं नसतं. गणित, टक्कल आणि अंगातला उजेड, तिन्ही एका दमात. पण घरी गेल्यावर ते बराच वेळ आरशासमोर उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, “तुला काय वाटतं, माझ्याने उजेड पडतो का?” बायकोने आधी स्वयंपाकघरातला दिवा लावा म्हणून सांगितलं. चार दिवस वर्गात शिरताना त्यांची पावलं दाराशी जराशी अडखळत. ते सत्तेचाळीस वर्षांचे होते, पगारी होते आणि हातात पट्टी होती, तरीही.

त्यानंतरचे दोन महिने मोठे कंटाळवाणे गेले. मधल्या सुट्टीत सर चहाचा कप घेऊन तिसऱ्या नळाशी उभे राहत. जिन्याच्या वळणावर मावशींनी आपलं स्टूल टाकलं आणि तिथे बसून त्या खडू निवडू लागल्या. पेटी मोठ्या बाईंच्या दारातून काढून ग्रंथालयात पुस्तकं परत करायच्या कपाटात ठेवली. तिथे हात घातला तरी कोण काय टाकतंय ते कुणाला कळत नसे. पहिल्या आठवड्यात अकरा चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या तीन शिक्षकांबद्दल होत्या. सरांनी त्याही मोठ्या बाईंना वाचून दाखवल्या, आणि शिक्षकांच्या खोलीत त्यांच्याशी आठवडाभर कुणी धड बोललं नाही.

टोपणनावांची सवय सुटता सुटेना. नवा मुलगा वर्गात आला की सरांच्या जिभेवर नाव तयार असायचं. ते खोकायचे. मुलांना वाटलं, सरांना काहीतरी झालंय. तास बेचव झाला, असंही काही जण म्हणाले. दाराशी कान लावणारी मुलं पांगली. सर स्वतःवरच विनोद करून बघू लागले, त्यातले निम्मे पडत.

बटणने मुलीला माफीचं पत्र लिहिलं. सरांनी सांगितलं नव्हतं. तिने ते वाचलं, शुद्धलेखनाच्या सात चुकांना लाल गोल केले आणि काही न बोलता परत दिलं. त्याने दुरुस्त करून पुन्हा दिलं, तेव्हा तिने ते ठेवून घेतलं. मैत्री वगैरे काही झाली नाही. झोपाळू मुलगी तिच्या शेजारी बसू लागली आणि पहिल्या तासाला तिला पेंग आली की ही तिला कोपराने ढोसायची. पाण्याची बाटली दुपारपर्यंत रिकामी होऊ लागली. पोट कधीमधी दुखायचंच, परीक्षेच्या आसपास आणि कधी उगीचच. अनोळखी लोकांत ती अजूनही वाकून उभी राहायची. शिवणवाली तिला पाठीत थोपटून म्हणायची, “वर ये गं,” आणि ती थोडी वर यायची. सरांशी ती गणितापुरतं बोलायची. तिने माफ केलं की नाही, हे सरांनी विचारलं नाही. तेवढी अक्कल आता त्यांना आली होती.

सहामाही परीक्षा झाल्यावरची गोष्ट. मधल्या सुट्टीत सर नळाशी चहा पीत होते. बटण, म्हणजे आता त्याला सर खऱ्या नावानेच हाक मारत, एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा अशा अवस्थेत त्यांच्याकडे आला.

“सर, तुम्ही सांगायला सांगितलं होतंत.”

“कोण?”

“नववीतले तिघं. बूट सायकलच्या शेडवर फेकला. कालपण फेकला होता. काल मी नाही सांगितलं.”

सरांनी कप नळाच्या कठड्यावर ठेवला आणि निघाले. तो लंगडत त्यांच्या मागे. शेडपाशी तिघे उभे होते, खिशात हात घालून, वर बघत, जणू बूट आपला आपणच उडून गेला. पीटीचे सर पलीकडे चेंडूत हवा भरत होते, त्यांनीही मान वर केली.

“सर, त्यांना काहीतरी बोला ना,” तो मुलगा सरांच्या कोपराशी येऊन कुजबुजला. “तुमच्या स्टाइलमध्ये. त्या मधल्याचे कान बघा.”

सरांनी मधल्याचे कान पाहिले. कान खरोखर अफलातून होते. नाव जिभेवर आलंच होतं, इतकं चपखल की शाळा सोडेपर्यंत त्या पोराला ते पुसता आलं नसतं. दोन्ही बाजूंचे दोघं तर आताच हसायला तयार दिसत होते.

सर खोकले. चांगले दोनदा खोकले. मग खिशातून पेन आणि कागद काढला.

“तुमची नावं सांगा,” ते म्हणाले. “पूर्ण. एकेक करून. आणि पीटीच्या सरांकडून शिडी आणा, आधी बूट खाली येऊ दे.”